दुसरी वाटी

माझी उभी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. शाळेतल्या प्रयोगांची एक गंमत असते. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं आणि प्रयोग चुकला तर दोष परीक्षानळीला देता येतो. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर रोज सकाळी ‘सावधान!’ म्हणून सुरू होणारे निरोप येऊ लागले. तांदूळ प्लास्टिकचा, अंडी नकली, टरबुजात इंजेक्शन. घरात सासूबाईंचे त्याहून जुने नियम होतेच. मग उत्तर माहीत नसलेले प्रयोग करायची हौस लागली. नांदुऱ्याकडचं आमचं घर, ओट्यावर स्टीलच्या वाट्या, औषधाच्या दुकानातून आणलेली आयोडीनची बाटली, एवढ्यावर हे चालतं. घरातले याला ‘बाईंची लॅब’ म्हणतात आणि जेवणाला उशीर झाला की त्या नावाचा उच्चार जरा बदलतो. त्यातून हाती लागलेलं हे थोडं. तुमच्या ओट्यावर वेगळंच काही निघेल.

१. कुठल्याही प्रयोगात महत्त्वाची वाटी दुसरी असते, हे मला इतकी वर्षं शिकवूनही नीट उमगलं ते गव्हाच्या पिठाने. मध्यंतरी एक व्हिडिओ फिरत होता. पाकिटातल्या पिठाचा गोळा नळाखाली धुवायचा, पांढरं पाणी निघून जातं आणि हातात ताणला जाणारा, रबरासारखा लगदा उरतो. ‘बघा, पिठात प्लास्टिक!’ करून पाहिलं. खरंच उरला. बघायला आलेल्या दोघीजणींनी लगेच पाकिटाचं नाव विचारून घेतलं. मी म्हटलं, थांबा. आमच्याच शेतातला गहू, आमच्याच गावच्या चक्कीवर दळलेला, त्याचाही गोळा केला आणि धुतला. तोच लगदा, उलट जरा जास्तच चिवट. मग ज्वारीच्या पिठाचा गोळा नळाखाली धरला, तर तो सगळाच्या सगळा पाण्याबरोबर वाहून गेला, हात रिकामे. हा लगदा म्हणजे ग्लुटेन, गव्हातलं प्रथिन. ते आहे म्हणून पोळी लाटता येते आणि फुगते. ज्वारीत ते नाही म्हणून गरम पाण्यात पीठ मळावं लागतं आणि भाकरी थापावी लागते. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या विद्वानाने पीठ असंच धुऊन हा चिकट भाग वेगळा काढला होता आणि १७४५ साली त्याचं ते काम छापून आलं. म्हणजे व्हिडिओवाल्याने विज्ञानातला एक नामांकित प्रयोग अगदी बिनचूक केला होता. फक्त वाटी एकच घेतली होती.

२. लोकांना भीती अन्नाची कमी आणि फसवलं जाण्याची जास्त असते. हे मला रेशनच्या तांदळाने शिकवलं. शेजारची वहिनी एक दिवस मूठभर दाणे घेऊन आली. “बाई, हा तांदूय पाहा. पाण्यात टाकला का वर येते. पिलास्टिक हाये.” दाणे खरंच वेगळे होते. जरा पिवळट, दुधाळ, गुळगुळीत, एकाच साच्यातून काढल्यासारखे. पाण्यात टाकले तर बहुतेक तरंगले, बाकीचा तांदूळ तळाशी बसला. तिच्या डोळ्यांत ‘सांगितलं नव्हतं?’ स्पष्ट दिसत होतं.

मग आम्ही दोघी बसलो. दुसऱ्या वाटीसाठी खरं प्लास्टिक हवं होतं, म्हणून दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला. चिमट्यात धरून जाळलं तर पिशवी वितळून ठिबकली आणि नाक धरायची वेळ आली. दाणा काळा पडला, त्याची राख झाली आणि करपलेल्या भाकरीचा वास सुटला. आयोडीनचा थेंब टाकला तर पिशवीवर तपकिरीच राहिला आणि दाण्यावर गडद निळा-काळा झाला. याचा अर्थ तिथे पिठूळ पदार्थ, स्टार्च आहे. शेवटी शिजवला. बोटाने चिरडला तर भाताच्या शितासारखा चिरडला गेला.

ते दाणे कुठून आले हे मला वाचून माहीत होतं. १५ ऑगस्ट २०२१ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं की सरकारी योजनांतला सगळा तांदूळ २०२४पर्यंत पोषणयुक्त करायचा. त्यासाठी तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळायचं, यंत्रातून त्याचे तांदळासारखे दाणे पाडायचे आणि शंभर किलोत साधारण एक किलो या हिशोबाने नेहमीच्या तांदळात घालायचे. साच्यातून दाबून काढलेला दाणा शेतातल्या दाण्याइतका घट्ट नसतो, म्हणून तो वर येतो. वहिनीची तपासणी खोटी नव्हती. ‘तरंगतं म्हणजे प्लास्टिक’ हा पूल तेवढा कच्चा होता.

तिने सगळं ऐकलं, निळा दाणा उलटसुलट करून पाहिला आणि घरी जाऊन पुन्हा ते दाणे निवडून काढले. मला आधी राग आला. नंतर वाटलं, हिला लहानपणापासून काय शिकवलंय? धान्यात वेगळा दिसेल तो दाणा काढायचा. खडा, गोंडर, किडका दाणा, सगळं असंच तर जातं सुपातून. सरकारने नेमका वेगळा दिसणारा दाणा पोत्यात घातला आणि सूप हातात असलेल्या बाईला ते धडपणे सांगितलं नाही. पोत्यावर इंग्रजी एफ आणि अधिकचं चिन्ह असतं, पण वहिनीच्या हाती तांदूळ पोत्यातून नाही, पिशवीतून येतो. आणि प्लास्टिकच्या या गोंधळात विचारायचा प्रश्न राहूनच जातो. थॅलेसेमियासारख्या आजारात जादा लोह नको असतं, त्या घरांना हे कोणी सांगितलं का? निवडलेले दाणे वहिनी कोंबड्यांना टाकते. कोंबड्या मजेत आहेत.

३. म्हणी आणि नियम गठ्ठ्याने खरे किंवा गठ्ठ्याने खोटे नसतात. एकेक सुटा करून बघावा लागतो. सासूबाईंचा डाळीबद्दलचा कायदा तीन कलमी आहे. मीठ आधी घालायचं नाही, चिंच आधी घालायची नाही आणि आपल्या बोअरच्या पाण्यात डाळ लावायचीच नाही. मला वाटायचं, तिन्ही कलमं एकाच पोतडीतली.

कुकरमध्ये हे बघता येत नाही, कारण झाकण लावल्यावर आत काय चाललंय ते शिट्टीला विचारायचं. म्हणून दोन सारखे गंज घेतले, तुरीची सारखी डाळ सारखा वेळ भिजवली आणि उघड्यावर शिजायला ठेवली. एका गंजात मीठ, दुसऱ्यात नाही. मिठाची डाळ आधी गळली. पण गॅसच्या दोन शेगड्या दोन जावांसारख्या असतात. दिसायला सारख्या, पण प्रत्येकीची आच वेगळी. म्हणून पुढच्या खेपेला गंजांची अदलाबदल केली. तरीही मिठाची डाळ मागे राहिली नाही, झाली तर थोडी पुढेच होती. याचं कारण मला आवडलं. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याला घट्ट धरतात कॅल्शियम व मॅग्नेशियम. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं तशी पकड सैल होते.

चिंचेच्या बाबतीत मात्र सासूबाई शंभर टक्के बरोबर निघाल्या. सुरुवातीलाच कोळ घातलेली डाळ शेवटपर्यंत अख्खी राहिली; घोटणी फिरवली तरी दाणे डोळे वटारून बघत होते. आंबटपणाने पेक्टिन टिकून राहतं. चिंच, टोमॅटो, आमसूल, सगळं डाळ गळल्यावर.

आणि पाण्याचं कलम तर आमच्या भागाचं भूगोलाचं पुस्तकच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून जातो. आमच्याकडचे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हे तालुके त्यात येतात. जमीन काळी, कसदार, आणि खालचं पाणी खारं. एका गंजात बोअरचं पाणी, दुसऱ्यात साठवलेलं पावसाचं. पावसाच्या पाण्यातली डाळ पळीने ढवळताच मोडली. बोअरच्या पाण्यातली डाळ उकळत राहिली, फेस काढत राहिली, गॅस जळत राहिला, आणि वर पाणी व खाली डाळ असा कायमचा काडीमोड. पुन्हा तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम, या वेळी पाण्यातूनच आलेलं. चिमूटभर खायचा सोडा टाकला की हीच डाळ बघता बघता मऊ होते आणि अनेक घरांत तसंच करतात. पण सोड्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि वरणाला एक साबणी चव येते. जारचं पाणी विकत घेऊन डाळ शिजवणं प्रत्येकीला परवडत नाही. त्यामुळे हा प्रयोग मी शेजारणींना मोठ्या उत्साहाने दाखवला तेव्हा त्या शांतपणे बघत होत्या. त्यांचं हे रोजचंच होतं. कोणत्या विहिरीचं पाणी डाळीला चालतं आणि कोणत्या विहिरीचं फक्त जनावरांना, हे इथल्या बायका पेक्टिन न ऐकताच जाणून आहेत.

४. चाखणाऱ्याला माहीत असलं की जीभ खोटं बोलते, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे. काकडीचं टोक कापायचं, तेच टोक कापलेल्या जागी गोल गोल घासायचं, पांढरा फेस आला की कडूपणा गेला. हे न करता काकडी चिरणारी सून आमच्या घरात टिकलीच नसती. तपासायचं कसं? दोन वेगळ्या काकड्या घेतल्या तर एक मुळातच कडू असेल. म्हणून एकाच वेलीच्या बऱ्याच काकड्या घेतल्या, सगळ्यांची टोकं कापली, निम्म्या घासल्या, निम्म्या नुसत्या ठेवल्या. चकत्या ताटल्यांत काढल्या, ताटल्यांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि घरातल्या सगळ्यांना बसवलं. पहिल्या फेरीत सासूबाईंनी मी चिरताना बघितलं होतं. त्यांनी ‘न घासलेली’ चकती तोंडात घातली आणि चेहरा असा केला की बघणाऱ्यालाही कडू लागावं. दुसऱ्या फेरीला त्यांना देवघरात पाठवून चिरलं. मग मात्र घासलेली कुठली, न घासलेली कुठली, कोणालाच सांगता येईना. देठाकडचा तुकडा मात्र सगळ्यांनी ओळखला. काकडीतला कडू पदार्थ, कुकरबिटॅसिन, देठाच्या बाजूला जास्त असतो. तो तुकडा कापला की काम बरंचसं झालेलं असतं, घासणं हा नुसता सोहळा.

सोहळ्यावर माझा आक्षेप नाही. पण याला एक गंभीर बाजू आहे. दुधी कडू लागला तर तो घासून, मीठ लावून, साखर घालून खायचा नाही, टाकून द्यायचा. कडू दुधीचा रस पिऊन देशात मृत्यू झालेले आहेत आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समितीही नेमली होती. तिथे जिभेइतकं चांगलं उपकरण घरात दुसरं नाही.

५. हळद लाल झाली म्हणून भेसळीची होत नाही. साडीवरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो आणि मग दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धारल्या जातात. मी ओल्या हळकुंडाचा रस कागदाला लावून पट्ट्या वाळवल्या, बाजारच्या हळदीच्याही केल्या. साबण, चुन्याची निवळी, पापडखार, काहीही लावा, दोन्ही पट्ट्या सारख्याच लाल. हळद आणि चुना मिळून कुंकवासारखा रंग येतो हे आपल्याला माहीत असतं, डाग पडला की विसरतो. शाळेत असताना मुलांना लोणारला नेलं होतं तेव्हाही खिशात अशाच पट्ट्या होत्या. सरोवराचं पाणी पट्टीला लागलं आणि ती लालसर झाली. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. काठावरच्या धारेच्या गोड्या पाण्यात पट्टी पिवळीच राहिली. उल्कापाताची गोष्ट मुलं विसरली असतील, पट्टी विसरलेली नाहीत. त्यातला एक आता पापडाच्या खाराचा धंदा करतो आणि भेटला की हळदीवरून चिडवतो.

६. चाचणीत पास झालेला पदार्थ शुद्धच असतो असं नाही. मधाचं ज्ञान तर घरोघरी मोफत मिळतं. थेंब पाण्यात टाका, न विरघळता तळाशी गेला की अस्सल. कापसाची वात बुडवून पेटवा, जळली की अस्सल. थिजला की साखरेचा. संग्रामपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्यावरून माहितीतल्या माणसाने आणलेला मध एका वाटीत घेतला आणि दुसऱ्या वाटीत मी स्वतः केलेला गुळाचा घट्ट पाक. पाकाचा थेंब तळाशी गेला, झोकात. वातही पेटली, कारण पाक आटवलेला होता आणि त्यात पाणी कमी होतं. थोडक्यात, माझा गूळ शुद्ध मध ठरला. आणि ज्याच्या अस्सलपणाची मला खात्री होती तो मध हिवाळ्यात बरणीत थिजून रवाळ झाला. मधात ग्लुकोज जास्त असेल तर ते थंडीत असं स्फटिक होऊन बसतं. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ.

डिसेंबर २०२०मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले होते. सगळ्या चाचण्यांतून पार पडले फक्त ३. त्यातली सगळ्यात महागडी चाचणी परदेशी करावी लागली, कारण साखरेचे पाक आता नेहमीच्या प्रयोगशाळेलाही चकवतील असे बनवून मिळतात. तिथे माझ्या वातीची काय कथा! तरी पाहुणे आले की अजून कोणी ना कोणी वात पेटवतं. मी गप्प बसते. छान दिसते ती.

७. आधी लिहून ठेवलं नाही तर प्रत्येक भाकीत खरं ठरतं. हे बघायला आमच्या जिल्ह्यात एक नामी जागा आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा प्रकारची धान्यं गोलाकार ठेवतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पुरी, पापड, कुरडई, विडा. रात्रभर तिथे कोणी जात नाही. पहाटे कुठलं धान्य हललं, कुठलं जागेवर राहिलं, ढेकूळ किती भिजलं ते बघून पीकपाण्याचा अंदाज सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगतात, आणि दुरून आलेले शेतकरी तो अंदाज श्रद्धेने ऐकतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा त्यावर आक्षेप असतो, त्यांच्याशी माझं जमतं. पण ती मांडणी बघताना मला हेवा वाटला. रात्री मांडायचं, हात लावायचा नाही, सकाळी बघायचं, सगळ्यांसमोर सांगायचं. प्रयोगाची इतकी शिस्त माझ्या दहावीच्या वर्गालाही नव्हती. उणीव पुढच्या पायरीची आहे. पेपरातलं कात्रण मी कपाटाला चिकटवून ठेवलं आणि दिवाळीत काढून वाचलं. ‘पीक साधारण’, ‘पाऊस सर्वसाधारण, कुठे कमी कुठे जास्त’. याला खोटं कसं पाडायचं? मग माझी स्वतःची वही उघडली. ‘चव बरी’, ‘डाळ बऱ्यापैकी शिजली’. भेंडवळला हसण्याचा अधिकार मला राहिला नव्हता. आता वहीत ‘दोन बोटांत चिरडली, मध्ये कणी नाही’ असं लिहिते.

८. काही समजुती ओट्यावर तपासता येत नाहीत, आणि त्या सोडून देण्यातही शहाणपण आहे. टरबुजावर पाणी प्यायलं की पोट बिघडतं, जोडकेळं खाल्लं की जुळं होतं, मासे आणि दूध एकत्र आले की कोड फुटतं. मी टरबूज खाऊन वर तांब्याभर पाणी प्यायले, काही झालं नाही. त्याने काहीही सिद्ध होत नाही. मी एकटी म्हणजे एकच वाटी. टरबुजात मुळात इतकं पाणी असतं की वरून पडलेल्या तांब्याने काय बिघडेल, असा तर्क करता येतो. पण तर्क म्हणजे प्रयोग नव्हे. जोडकेळं मी सुनेला देत नाही. विचारू नका.

९. सगळ्यात मोठी गोष्ट आमच्या ओट्याबाहेर घडली. डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोकं खाजायचं, मग ओढलं की केस हातात, आणि काही दिवसांत टक्कल. लहान मुलं, तरुण मुली, म्हातारे, कोणी सुटलं नाही. आकडा १८ गावांत २७९ माणसांपर्यंत गेला. कोणी शाम्पूवर खापर फोडलं, कोणी बुरशीवर, आणि आम्ही खारपाणपट्टेवाल्यांनी आपल्या जन्माच्या वैऱ्यावर, पाण्यावर. पाण्यात नायट्रेट जास्त निघालंही. दिल्ली-चेन्नईकडून आयुर्विज्ञान परिषदेची पथकं आली. या गावांकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले होते.

मग महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पाण्यावर सगळ्यांचं बोट असताना त्यांनी घरांतला रेशनचा गहू उचलला आणि ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतला. त्यांच्या अहवालाप्रमाणे त्यात सेलेनियम किलोला १४.५२ मिलिग्रॅम होतं, तर नेहमीचं प्रमाण १.९. गहू पंजाबकडून आलेला. शिवालिकच्या पायथ्याच्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त असतं. शरीराला ते लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की केस जातात, नखं जातात. काही महिन्यांनी नखं गळाल्याच्याही तक्रारी आल्या.

त्या अहवालातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. गहू धुऊन तपासला तेव्हा सेलेनियम १३.६१ होतं. आपल्या घरात कशावरही पहिला उपाय काय? नीट धुऊन घ्या. आणि इथे धुण्याने जवळजवळ काहीच गेलं नाही, कारण ते दाण्याच्या अंगातच होतं. मी मनातल्या मनात तो गहू माझ्या ओट्यावर आणला. पाण्यात बुडला असता. आयोडीनला निळा झाला असता. पीठ धुतलं तर छान चिवट लगदा उरला असता. पोळी फुगली असती. माझ्या सगळ्या वाट्यांनी त्याला प्रथम श्रेणी दिली असती. आणि ज्या वहिनीला मी ‘रेशनमध्ये काही नाही गं’ म्हणून समजावत होते, तिच्या संशयाला आता मी काय तोंडाने उत्तर देणार? तांदळाबद्दल तिचा अंदाज चुकीचा होता. रेशनच्या धान्याकडे डोळे उघडे ठेवून बघायची तिची सवय मात्र मी मोडायला निघाले होते. ती आता दुकानात विचारते, “गहू कोणीकडचा आला?” दुकानदार सांगत नाही, त्यालाही माहीत नसतं. पण विचारते.

१०. नमुना ठेवायला हवा, हे त्यातून घेतलं. त्या गावांत घरात गहू शिल्लक होता म्हणून तपासता तरी आला. खाऊन संपला असता तर पाण्यालाच शिव्या देत बसलो असतो. म्हणून नवं पोतं उघडलं की त्यातला ओंजळभर दाणा मी बरणीत काढते, वर तारीख आणि कुठून आला ते लिहिते. फडताळाची एक फळी त्यानेच भरली आहे. सासूबाईंना हे बिलकूल पसंत नाही. पहिल्या बरण्यांत सोंडे झाले तेव्हा त्यांनी बरणी उजेडाकडे धरून विचारलं, “हे कायले पोसून राह्यली तू?” आणि वर सांगितलं की कडुनिंबाचा पाला घातला असता तर एक किडा फिरकला नसता. मी विचारलं, कशावरून? त्या म्हणाल्या, “मंग पाय करून.” पाला त्यांनी स्वतः सावलीत वाळवून दिला. एकाच पोत्यातला गहू, निम्म्या बरण्यांत पाला, निम्म्या कोऱ्या. कुठल्या बरणीत पाला आहे हे दिसतं, त्यामुळे काकडीसारखं कोणाला देवघरात पाठवून चालणार नाही, किडे मोजणारा बाहेरचा लागेल. सासूबाईंनी वहिनीचं नाव सुचवलं आहे. तिची नजर तयार आहे, आणि ती आम्हा दोघींवरही विश्वास ठेवत नाही.